एकवीस संध्याकाळी

गंगावेशीत म्हशीची धार वाजते भांड्यात
आणि थांब्यापाशी आम्ही माणसं मोजतो.
एकवीस संध्याकाळी मोजली.
वहीत उभ्या रेघा: मुली, मुलगे, रिकाम्या पाट्या घेऊन परतणाऱ्या बाया,
आणि शेवटी एक रकाना, नुसताच, 'परत गेले'.
तो नाझनीननं पाडला.
कशाला गं, म्हटलं,
तर म्हणाली, बस चुकलेली माणसं कुठंतरी जातच असतील की.

पुलापल्याडची शेवटची गाडी सातला सुटते.
क्लास सुटतो साडेसातला.
त्या अर्ध्या तासात गेल्या साली
तीन पोरींची बारावी सुटली.
नावं वहीत आहेत. इथं लिहीत नाही.

आमच्या संस्थेला अजून नाव नाही.
नोंदणीच्या कागदावर 'उद्दिष्टे'पुढं सहा ओळी,
शीतल मगदूम रोज एक लिहितो, रोज खोडतो,
कागद तिथं पातळ झालाय.
बसायला तालमीमागची खोली,
तांबड्या मातीचा वास, कोपऱ्यात ढोलांची थप्पी.
वस्ताद एवढंच म्हणाले, बसा, पण चपला बाहेर.

मे महिन्यात पुण्याहून एक ताई आल्या,
दोन दिवस, मोठाले कागद, रंगीत पेनं.
मधोमध लिहिलं 'नेता म्हणजे', भोवती गोल,
गोलातून किरणं ओढली.
चांगल्या होत्या ताई, खरंच,
आमच्या डब्यातला झुणका मागून घेतला.
फक्त ओळख करून देताना नाझनीन म्हणाली,
"मी नदीपल्याडनं आलो,"
तेव्हा हसून म्हणाल्या, आलो नाही गं, आले म्हण.
नाझनीन खाली बसली.
मग दोन दिवस ती
ना आलो म्हणाली, ना आले.

आमच्या आया असंच बोलतात.
मी जातो बाजारला. मी भाकरी टाकतो.
मेलो बाई ह्या कामानं.
घरात जागा अपुरी, ताटात शेवटचा वाटा,
पण तेवढी एक मात्रा
त्यांनी कुणाला विचारून घेतली नव्हती.

पावसाळ्याआधी नगरसेवकाचा माणूस येऊन गेला.
गाडी आम्ही आणतो, म्हणाला,
चौकात फलक लावू, वर साहेब, खाली तुम्ही सगळे.
अवधूतला फोटो पाहिजे होता.
भांडण झालं, ढोलाला लाथ बसली,
तो पंधरा दिवस आला नाही.
सोळाव्या दिवशी थांब्यावर वही घेऊन उभा.
कुणी काही विचारलं नाही.
(मी इतिवृत्तात लिहिलं: सर्व सभासद हजर.)

परिवहनच्या कार्यालयात पंखा होता, फिरत नव्हता.
साहेबांनी वही आधी उलटी धरली,
मग सुलटी, मग बंद केली.
तुमच्यात लीडर कोण?
आम्ही सगळ्यांनी शीतलकडं बघितलं,
शीतलनं माझ्याकडं,
मी टेबलावरच्या काचेखालच्या जुन्या कॅलेंडरकडं.

"मी बोलतो," नाझनीन म्हणाली.

बोलली. अडखळत.
आकडा दोनदा चुकला, तिनंच दुरुस्त केला.
शेवटचा रकाना वाचला नाही,
वही उघडून त्यावर बोट ठेवलं.
एकशे चौदा.
"साहेब, परत गेले म्हणजे घरी पोचले, असं न्हवं."
बाहेर कुणीतरी शिक्के मारत होतं,
ते जरा थांबलं, मग पुन्हा सुरू झालं.

गाडी मिळाली. सात वीसची.
साडेसातची नाही.
दहा मिनिटं कशात कापली, त्यांनी सांगितलं नाही,
आम्ही पेढे वाटले नाहीत, अवधूतनं एकट्यानं खाल्ले.
क्लासवाल्या सरांनी दहा मिनिटं आधी सोडायचं कबूल केलंय,
पाळतात कधीमधी.

उद्दिष्टांच्या ओळी अजून कोऱ्या.
वही मात्र दुसरी लागली,
तोच शेवटचा रकाना.
काल त्यात सहा.
अवधूत म्हणाला, सहाच की.
नाझनीन पेनाचं टोपण लावता लावता थांबली.
"नावं विचारलास काय?"